जुना आकडा

"बहुतेक मी ती सुरूच केली नसेल," मास्तर म्हणाले आणि हसले. सोमवारची मीटिंग होती. काचेच्या खोलीत नेहमीची मंडळी, टेबलाच्या टोकाला टीमच्या प्रमुख मॅडम, आणि ऑफिसातले सगळ्यांत जुने मास्तर त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत, खिडकीला पाठ करून. मॅडमनी एवढंच विचारलं होतं की मास्तरांच्या कोडच्या शेवटच्या टेस्टचा निकाल कुठे आहे. शुक्रवारी दुपारी सुरू होऊन शनिवार-रविवार चालायची होती ती, आणि सकाळी बघतात तर मशीनवर काहीच नाही. निकाल नाही, तक्रार नाही, मधेच बंद पडल्याची खूण नाही. मास्तर आधी म्हणाले होते की मला चांगलं आठवतंय, जेवून आलो आणि सुरू केली. मग थांबले, कपाळावर हात फिरवला, आणि ते वाक्य बोलले. कोणीतरी म्हणालं, शुक्रवारी दुपारी कोणाचं डोकं ठिकाणावर असतं? सगळे हसले. टेबलाच्या कडेला बसलेली तीही हसली. आणि हसता हसता थांबली, कारण शुक्रवारी जेवणानंतरचं एक मिनिट तिला लख्ख आठवलं. त्या मिनिटात ती स्क्रीनसमोर बसली होती आणि मशीन गप्प राहिलं होतं. गप्प राहायला नको होतं.

तिचं काम कर्नलमधलं. मशीनचा तो सगळ्यात आतला भाग, जो बाकीच्या प्रोग्रामना कामाला लावतो आणि वेळ आली की थांबवतो. त्यातला एक कोपरा तिच्या ताब्यात होता: प्रोसेसना, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामना, सिग्नल कसे पोचवायचे तो. थांब, जागी हो, आवरतं घे, मर. प्रत्येक सिग्नलला नंबर असतो. नऊ नंबर म्हणजे मर, आहेस तिथे, आत्ता. बाकीचे सिग्नल थोपवता येतात, कानाआड करता येतात, नऊला ती सोय नाही. आणि हे सिग्नल पाठवायचे ते आकड्यावर. प्रत्येक प्रोसेसला जन्मताना एक आकडा मिळतो, ती मेली की आकडा मोकळा होतो, आणि फिरून कधीतरी दुसऱ्या नव्या प्रोसेसला दिला जातो. म्हणून जुन्या आकड्यावर नऊ कधी पाठवू नये, समोर भलताच कोणी उभा असेल, हे ती ऑफिसात येताजाता सगळ्यांना ऐकवायची. नव्या पोरांना तर तिने एकदा भर मीटिंगमध्ये असं फैलावर घेतलं होतं की एक जण आठवडाभर तिच्या समोरून गेला नाही. तिचं सध्याचं सगळं काम याच गोष्टीवर चाललं होतं. आकडा नकोच, प्रोसेसला दोरी बांधायची आणि सिग्नल त्या दोरीवरून पाठवायचा. प्रोसेस मेली की दोरी तिच्याबरोबर गेली, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडायची भीती नाही. हे नीट चालतं का ते बघायला आकडे भराभर संपून परत परत फिरायला हवे होते, म्हणून सगळ्यांच्या सामायिक मशीनवर तिने आकड्यांची मर्यादा पार खाली आणून ठेवली. कोणाला सांगितलं नाही. राहिलं सांगायचं. राहिलं कसलं, कंटाळा केला.

शुक्रवारी सकाळी तिची एक चाचणी अडकली, तिने आकडा बघून नऊ पाठवला, संपलं. दुपारी दुसरी अडकली. समोर कॉफीचा कप, डोळ्यांवर झापड, नवा आकडा शोधायचा आळस. तिने बाण दाबून मागची कमांड वर आणली आणि एंटर मारला. कमांडमध्ये सकाळचाच आकडा होता. अशा वेळी मशीन म्हणतं, असा कोणी इथे नाही. या वेळी काही म्हणालं नाही. निमूटपणे सिग्नल पोचवून मोकळं झालं. तिची अडकलेली चाचणी तशीच अडकून राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आकडा जुना होता. मग तिने नवा आकडा घातला, चाचणी मारली, आणि उरलेली कॉफी प्यायली. मशीन 'नाही' का म्हणालं नाही, हा प्रश्न डोक्याच्या कडेने आला आणि तसाच गेला. दोन टेबलं पलीकडे मास्तर नुकतेच आपली टेस्ट सुरू करून, हात झटकून, सगळ्यांना शनिवार-रविवारच्या शुभेच्छा देत निघाले होते. जाताना तिच्या टेबलावर टिचकी मारून म्हणाले होते, "जा आता घरी. मशीनला करू दे काम."

"कोणाला काही कल्पना आहे का?" मॅडमनी मीटिंगमध्ये खोलीभर नजर फिरवून विचारलं होतं. तेव्हा सांगता आलं असतं. ती नवीन होती तेव्हा मास्तरांनीच तिला समजावलं होतं की प्रोसेसला सिग्नल येतो तो घराची बेल वाजावी तसा. आत एकाच वेळी चालणारी कामं, म्हणजे थ्रेड, पाच असोत की पन्नास, बेल घराची, कोणा एकाची नाही. जो मोकळा असेल तो दार उघडतो. एकाच थ्रेडला नेमकं उठवायचं तर घराचा नंबर आणि माणसाचा नंबर, दोन्ही द्यावे लागतात. तिच्या स्वतःच्या घरी बेल वाजली की ती, नवरा आणि लेक तिघंही आपापल्या जागी थिजून दुसरा उठायची वाट बघतात, तसंच त्या खोलीत तिने केलं. बेल ऐकली आणि बसून राहिली. मॅडमनी नाव घेऊन विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं, असं ती नंतर स्वतःला बजावत राहिली. काय पण सबब. ती बसून राहिली ते मॅडमच्या भीतीने नव्हे. ज्या पोरांना आपण अक्कल शिकवली त्यांच्या तोंडावर, बाईसाहेब स्वतःच जुन्या आकड्यावर नऊ पाठवतात, हे हसू तिला दिसलं होतं. एवढ्याशा हसण्यासाठी. एका माणसाने आपल्या डोक्यावरचा भरवसा चारचौघांत काढून टेबलावर ठेवला, आणि तिला काळजी कसली, तर पोरं हसतील याची.

मीटिंग सुटल्यावर मास्तर मागे राहून त्या मशीनच्या सगळ्या नोंदी उलटसुलट बघत बसले. ती आपल्या जागेवरून बघत होती आणि तिला ठाऊक होतं की त्यांना काही सापडणार नाही. बाकीचे सिग्नल जातात तेव्हा पाठवणाऱ्याचा आकडाही सोबत जातो. नऊच्या वेळी कर्नल ती तसदीच घेत नाही, घेणारा वाचायला उरणारच नसतो. तो कोड मास्तरांनीच तिला पहिल्यांदा दाखवला होता, शेजारी खुर्ची ओढून, पेन्सिलीचं टोक स्क्रीनला लावून. आणि म्हणाले होते, बघ, किती काटकसरीने लिहिलंय. त्यांनी शुक्रवारी टेस्ट मोकळी सोडून दिली होती, म्हणजे आपण घरी गेलो तरी ती चालत राहावी अशी. अशा पोरक्या प्रोसेसच्या मरणाची खबर मशीनमधल्या पहिल्या प्रोसेसकडे जाते, आणि ती कोणाची विचारपूस न करता खबर फेकून देते. राहता राहिली तिच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या खिडकीतली ती एक ओळ, सकाळच्या आकड्याची, दोनदा आलेली. ती ओळ तिने पुसली. मर्यादाही परत होती तिथे नेऊन ठेवली. हात एवढे सराईतपणे चालले की तिला स्वतःचीच किळस आली. मास्तर मान वर करून म्हणाले, "काही नाही गं इथे. विसरलोच असणार." ती म्हणाली, "होतं असं, मास्तर." हे तीन शब्द ती बोलली, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली.

मास्तरांची आई शेवटची काही वर्षं त्यांना ओळखत नव्हती, हे ऑफिसात तिलाच काय ते माहीत होतं. एकदा दोघं बसची वाट बघत होते तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, उगाच, विषय नसताना. आईने आधी किल्ल्या हरवल्या, मग दूध उतू गेलं, मग एक दिवस ती त्यांना म्हणाली की माझा मुलगा येईलच आता, तुम्ही बसा. ते बसले. तिच्यासमोर बसून मुलाची वाट बघत बसले. हे सांगून मास्तर हसले होते, आणि हे हसणं तेच होतं, मीटिंगमधलं. तिला ते ओळखू यायला हवं होतं. ओळखू आलंच होतं.

मग तिने सारवासारव करायचं ठरवलं, आणि खरं शेण खाल्लं ते तिथे. संध्याकाळी मंडळी पांगल्यावर तिने मास्तरांची टेस्ट त्यांच्याच नावाने सुरू करून दिली. मशीनवर तिला सगळे अधिकार होते, अवघड काहीच नव्हतं. हिशोब सरळ होता: टेस्ट पुरी होईल, निकाल मास्तरांच्या जागेत येऊन पडेल, काम वाया गेलं नाही म्हणून मॅडम खूश, मास्तर खूश, विषय संपला. घरी जाताना तिला चक्क हलकं वाटत होतं. जेवताना तिने नवऱ्याला म्हटलं, समजा एखाद्याच्या हातून कोणाचं नुकसान झालं आणि त्याने ते गुपचूप भरून दिलं, तर झालं ना? नवरा शाळेत चित्रकला शिकवतो, पोरांचे बहाणे ऐकण्यात त्याची हयात गेली आहे. त्याने पोळीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "गुपचूप का पण?" तिने विषय बदलला.

बुधवारी निकाल आला. उत्तम आला, मास्तरांचा कोड सगळ्या परीक्षांना पुरून उरला होता. मॅडम स्वतः त्यांच्या टेबलापाशी आल्या, बाकीचे गोळा झाले. मास्तरांनी स्क्रीन बघितला, वर-खाली केला, परत बघितला. टेस्ट सोमवारी संध्याकाळी सुरू झाली होती, सुरू करणारा म्हणून त्यांचंच नाव होतं. मॅडम म्हणाल्या, "बघा, सोमवारी सुरू करून गेलात आणि आम्हाला सांगायचंच विसरलात." परत सगळे हसले. मास्तर या वेळी हसले नाहीत. ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते, पालथे केले, उताणे केले. फार हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी मी बायकोला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. निदान मला तरी तसं वाटतंय." कोणी ते नीट ऐकलं नाही. तिने ऐकलं. आणि तरी ती तिथे उभी राहून स्क्रीनवरच्या आकड्यांकडे असं बघत राहिली जसं काही त्या आकड्यांत तिला काही वाचायचं होतं. एका गोष्टीचा विसर माणूस हसण्यावारी नेतो. पण एक न केलेली गोष्ट केल्यासारखी आठवते आणि एक केलेली आठवतच नाही, असं झाल्यावर माणसाने काय करायचं? हे तिने करून ठेवलं होतं. शुक्रवारी चुकून, आणि सोमवारी चांगला विचार करून.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत. मॅडमनी सांगितलं की त्यांनी स्वतःहून कळवलंय, आता काम बंद करतो म्हणून, काही तपासण्या चालू आहेत, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी काहीतरी छानसं आणा. वर्गणीचं पाकीट फिरत तिच्यापर्यंत आलं, तेव्हा तिने ते पुढे सरकवलं आणि थेट जिन्याकडे गेली. पाकिटात काही टाकणं तिला जमलंच नसतं.

मास्तरांचं घर तिला माहीत होतं. दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको, एरवी बोलक्या, तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मास्तर ज्यांना चिडवायचे त्या. आज नुसत्या बाजूला झाल्या. आतून मास्तरांनी ओळखून हाक मारली, तिला, नावाने, आणि मग मोठ्याने म्हणाले, बघ, अजून नाव आठवतंय. ते खिडकीशी बसले होते, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, सुट्टीवर असल्यासारखे. डॉक्टरांनी पाच शब्द दिले होते लक्षात ठेवायला. ते त्यांनी तिला म्हणून दाखवले आणि काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली. परीक्षेला बसलेल्या मुलाला डोलावतात तशी. ते बघून तिच्याने राहवलं नाही, बसायच्या आधीच ती बोलली.

"मास्तर, शुक्रवारी तुम्ही टेस्ट सुरू केली होती. मी मारली ती. जुन्या आकड्यावर नऊ पाठवला मी."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी लकाकी आली, कोडमधली चूक नजरेच्या टप्प्यात आल्यावर यायची ती. ते पुढे सरकले. "आकडा इतक्या लवकर फिरून कसा आला?"

"मर्यादा खाली आणली होती मी. कोणाला सांगितलं नव्हतं."

"आत्ता किती आहे?"

"परत पहिल्यासारखी केली."

"तुझ्या खिडकीत कमांड असेल मग."

"पुसली."

"आणि सोमवारची?"

"तीही मीच सुरू केली. तुमच्या नावाने. तुमचं काम वाया जाऊ नये म्हणून."

ती उभीच होती, आणि तिला मोकळं वाटत होतं. आता ते ओरडतील, चालती हो म्हणतील, आणि ते ऐकायला ती आली होती. तोंडावर थुंकले असते तरी तिने पुसलं नसतं. मास्तर खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावरची लकाकी हळूहळू गेली आणि तिथे काहीतरी मऊ आलं.

"किती विचार केलास गं," ते म्हणाले. "कुठे कुठे भोकं पडतील ते बघून सगळी बुजवून आणलीस."

तिला आधी कळेचना. मग कळलं आणि ती घाईघाईने बोलायला लागली, शुक्रवारची कॉफी, बाण दाबून आणलेली ओळ, मशीनचं गप्प राहणं, त्यांनी टेबलावर मारलेली टिचकी सुद्धा. मास्तर ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते, आणि जितकं ती बारकाईने सांगत होती तितके त्यांचे डोळे जास्तच प्रेमळ होत होते. शेवटी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "तू जुन्या आकड्यावर नऊ पाठवशील? तू? अगं, शिकवलंय कोणी तुला?" ती म्हणाली, उद्या मी मॅडमना सगळं सांगणार आहे. तेव्हा मात्र ते कडक झाले. असला वेडेपणा करायचा नाही, तुझं पुढचं सगळं आयुष्य जायचंय तिथे, आणि केलास तर मी स्वतः फोन करून सांगेन की ही मुलगी माझ्यापायी स्वतःवर घेतेय. तिला रडू फुटलं, तेही त्यांना आपल्याच काळजीचं वाटलं. त्यांनी काकूंना हाक मारली आणि म्हणाले, "अगं, बघ ही काय म्हणतेय. मला बरं वाटावं म्हणून." आणि बराच वेळ ते तिचा हात थोपटत राहिले. ज्या हाताने तिने ते एंटर मारलं होतं, तोच हात. ती तो काढूनही घेऊ शकली नाही.

काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी दार मागे ओढून घेतलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून, आणि पदराने डोळे टिपले. काल रात्रभर झोपले नव्हते हो, त्या म्हणाल्या, आत्ता कुठे पहिल्यासारखे दिसले. मग तिच्या दंडाला धरून म्हणाल्या, "येत जाल ना अधूनमधून? असंच काहीतरी सांगत जा त्यांना. खोटं असलं तरी चालेल."

"खरं आहे ते, काकू," ती म्हणाली. "शपथेवर सांगते, खरं आहे."

"हो, हो," काकू म्हणाल्या, समजुतीच्या आवाजात, आणि तिचा दंड सोडून दिला. "जपून उतरा."